म्हस्कूची हाळी, अकरा महिन्यांच्या कराराने

ओमप्रकाशने आयुष्यात दोन गोष्टी जीव लावून काढल्या होत्या. एक दगड आणि दुसरी सासऱ्यांची समजूत. त्यातले दगड तरी जमायचे.

दगड म्हणजे खरे नव्हेत, गेममधले. मोबाईलवर तुमचा नायक तलवार घेऊन जंगलातून पळत सुटतो, तेव्हा त्या जंगलात कुणीतरी बसून दगड काढलेले असतात हे तुमच्या कधी लक्षात येणार नाही. पुण्याच्या एका गेम कंपनीत ओमप्रकाशने सात वर्षं हेच केलं. शेवाळलेला दगड, फुटका दगड, ज्याला ठेच लागते तो दगड, ज्याच्याखाली चावी सापडते तो दगड. मग कंपनीत एआय आलं. ओमप्रकाश एक दगड अर्धा काढून चहा पिऊन येईपर्यंत ते चारशे दगड काढून ठेवी आणि वर चहाही मागत नसे. एक दिवस साहेबांनी ओमप्रकाशला आत बोलावलं आणि फार अदबीनं सांगितलं, की तुमच्या दगडांचं आम्हाला कायम कौतुक राहील. साहेब एवढे अदबीनं बोलायला लागले की खुर्ची गेली, हे न कळण्याइतका ओमप्रकाश साधा नव्हता. बायकोला, शीतलला, घेऊन तो बदनापूरला आला.

दुसरा कुणी असता तर त्याने एआयचं तोंड पाहिलं नसतं. ओमप्रकाशने मात्र ठरवलं, की ज्याने आपल्याला घरी बसवलं त्यालाच आता घरी बसून राबवायचं. कंपनीत जे काम नऊ माणसं करायची ते आपण एकट्याने करायचं आणि स्वतःचा गेम काढायचा. गव्हाच्या कोठ्या एका अंगाला सारून त्याने मागच्या खोलीत ऑफिस थाटलं. शीतलला पीठ दळायला गहू काढायचे असले की ऑफिस बंद ठेवावं लागे, पण कुठल्या ऑफिसला सुट्ट्या नसतात?

गेम असा होता. एक मेंढका दोनशे मेंढ्या घेऊन पिंपळगाव रेणुकाईहून निघतो आणि जांब समर्थला पोचतो. वाटेत लांडगा आहे, उसाचे ट्रक आहेत, काठी घेऊन उभा असलेला कापूसवाला आहे. आणि खाली कोपऱ्यात एक बटन. ते दाबलं की मेंढका हाळी घालतो आणि पांगलेल्या मेंढ्या धावत येतात. ओमप्रकाशचे वडील, म्हस्कू, पिंपळगाव रेणुकाईचे. जन्म सगळा मेंढरांमागं गेलेला. त्यांची हाळी ऐकतच ओमप्रकाश मोठा झाला, तेव्हा गेम त्याच्या डोक्यात कुठून आला हे वेगळं सांगायला नको. हैदराबादच्या एका कंपनीला त्याने हे कळवलं. त्यांचं उत्तर आलं: चित्रं कशीही करा, पण खऱ्या मेंढपाळाचा खरा आवाज असेल तर गेम घेऊ, कारण तसा कुणाकडे नाही. दसऱ्यापर्यंत पाठवा.

दसरा ही तारीख सासऱ्यांनीही पकडून ठेवली. सासरे धर्मराज यांचं जालन्याच्या मोंढ्यात बियाण्याचं दुकान. "जावईबापू, आमचं काय म्हननं न्हाई," ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत खेळा. झालं तर बराबर. न्हाई झालं तर दुसऱ्या दिवशी दुकानात यायचं. मी खुर्ची आनून ठेवलीय." खुर्ची खरंच आणली होती. फिरती, गादीची, वर प्लॅस्टिक तसंच ठेवलेलं. धर्मराज तिचा फोटो दर सोमवारी शीतलच्या मोबाईलवर पाठवत. खाली काही लिहीत नसत.

कामाला सुरुवात झाली ती मेंढ्यांपासून. ओमप्रकाशने एआयला सांगितलं, मेंढी काढ. एआयने काढली, पांढरीशुभ्र, गुबगुबीत, हिरव्यागार टेकडीवर, मागे बर्फ. जालना जिल्ह्यात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो. ओमप्रकाशने सांगितलं, आमच्या मेंढ्या काळ्या असतात, पाय बारीक, कान लोंबते. एआयने बोकड काढला. मग काळं कुत्रं काढलं. मग एक जनावर काढलं, ते शीतल चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर होतं आणि ती चहा घेऊन तशीच परत गेली. दर खेपेला ओमप्रकाश चूक दाखवी आणि दर खेपेला एआय लिही, 'तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.' लग्नाला सहा वर्षं झाली, नोकरी सात वर्षं केली, पण आपलं बरोबर आहे हे ओमप्रकाशने एवढ्या वेळा कुणाकडून ऐकलं नव्हतं. काम मात्र व्हायचं नाव नाही.

"एवढं गोड बोलून राह्यलंय," शीतल म्हणाली, "आमच्या गावात एक मिस्त्री होता असाच. भिंत वाकडीच बांधायचा."

वरच्या मजल्यावर घरमालकीण झुंबरबाई राहायच्या. त्यांचं म्हणणं पडलं, की मेंढीला एक लाल फुंदा बांधावा, शोभा येते. मेंढक्याच्या अंगावर जाकीट घालावं. आणि गेममध्ये एक सासू असावी, त्याशिवाय बायका बघणार नाहीत. गेम बघायचा नसतो, खेळायचा असतो, असं ओमप्रकाशने नम्रपणे सांगितलं. "तेच तर," झुंबरबाई म्हणाल्या, "सासू असली की खेळतील." ओमप्रकाशने हा सल्ला वहीत लिहून घेतला, कारण घर त्यांचं होतं.

तीन आठवड्यांनी मेंढी मेंढीसारखी दिसायला लागली. म्हस्कू दवाखान्याच्या कामाने बदनापूरला आले होते तेव्हा ओमप्रकाशने मोठ्या अभिमानाने त्यांना कळप दाखवला. म्हस्कूंनी पटका सारखा केला, मोबाईल हातभर लांब धरला आणि बराच वेळ पाहिलं.

"तिसरीला पाय पाच हायेत," ते म्हणाले.

ओमप्रकाशने पाहिलं. होते.

"आन् ही सगळी एकच मेंढी हाय. दोनशे डाव काढलीय. यातली पुढं चालणारी कोनती? लंगडी कोनती? दुसऱ्याचं पिल्लू पाजणारी कोनती?" म्हस्कूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते खरंच शोधत होते. सापडली नाही म्हणून त्यांनी मोबाईल परत दिला. ओमप्रकाशला सात वर्षांत कुठल्या साहेबाने एवढं नेमकं सांगितलं नव्हतं आणि एवढं लागलंही नव्हतं. पुढचे दहा दिवस त्याने हाताने मेंढ्या दुरुस्त केल्या. एआय प्रोग्राम लिहून देई, त्यात हाळी ऐकली की मेंढ्या उलट्या पावली चालत जाऊन झाडावर चढत. त्याही त्याने खाली उतरवल्या. खरं सांगायचं तर नऊ माणसांचं काम एआय करत होतं आणि एआयचं काम निस्तरायला आणखी नऊ माणसं लागली असती. ती सगळी ओमप्रकाशच होता.

आता राहिली हाळी. कंपनी म्हणते खरा आवाज हवा, पण तोवर जागा भरायला म्हणून ओमप्रकाशने एआयकडून एक हाळी करून घेतली. त्यातून एका बाईचा स्वच्छ, शांत आवाज आला, 'मेंढ्यांनो, कृपया इकडे या.' वरून झुंबरबाईंनी विचारलं, कोणती गाडी लेट झाली म्हणून. ओमप्रकाशने दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि तो गावी गेला.

"आबा, एक हाळी घाला. मला भरून घ्यायचीय," तो म्हणाला. म्हस्कू ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

"इथं?"

"हो. काय फरक पडतो?"

म्हस्कूंनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू तो ताट न वाढता जेवायला बसा म्हणाला. "मेंढरू समोर न्हाई, पानी न्हाई. हाळी कशाची घालू? ओम्या, हाळी घातली की तीनातलं एक द्यावं लागतं. पानी, न्हाईतर चारा, न्हाईतर मुक्काम. फुकट हाळी घातली तर मेंढरू एक डाव येतं, दोन डाव येतं. तिसऱ्या डावाला मान बी वर करत न्हाई. माझ्या बापानं कधी खोटी हाळी घातली न्हाई, म्या बी न्हाई."

तेव्हा ओमप्रकाश दुपारपर्यंत थांबला. मेंढरं पाझर तलावाच्या वरच्या माळावर पांगली होती. म्हस्कू पाण्याजवळ गेले, काठी रोवली आणि हाळी घातली. आधी घशातून एक खर्जातली घरघर, मग जिभेचे दोन टचके, आणि मग एडक्याच्या धडकेनं कधीकाळी पडलेल्या पुढच्या दाताच्या फटीतून निघालेली बारीक, लांब शीळ, शेवटाला जरा वर गेलेली. माळावरच्या साठच्या साठ मेंढ्या वळल्या. ओमप्रकाशही पाण्याकडं चार पावलं चालून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण मेंढी नाही आणि आता लहानही नाही. त्याला उगीचच भरून आलं. मोबाईलमध्ये हाळी मात्र नीट भरली गेली होती.

घरी येऊन त्याने ती एआयच्या आवाज स्वच्छ करायच्या साधनात टाकली. वारा गेला, लांबच्या सडकेवरची फटफटी गेली, आणि त्यांच्याबरोबर म्हस्कूही गेले. फक्त एक टिटवी राहिली. एआयने खाली लिहिलं, 'सर्व अनावश्यक गोंगाट काढला आहे.' ओमप्रकाशने रागाने लॅपटॉप बंद केला, दोन घोट पाणी प्यायला आणि मूळ आवाज जसा होता तसाच, वाऱ्यासकट गेममध्ये बसवला. त्या दिवशी बटन दाबलं तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, हे जमलं.

पण कंपनीचा एक फॉर्म होता, सहा पानी. कोणतं काम एआयचं, कोणतं माणसाचं हे लिहायचं, आणि माणसाचा आवाज असेल तर त्या माणसाची लेखी संमती जोडायची. ओमप्रकाशने प्रामाणिकपणे लिहिलं: चित्रं एआयची, दुरुस्ती माझी, प्रोग्राम एआयचा आणि माझा, हाळी माझ्या वडिलांची. संमतीसाठी तो पप्पूकडं गेला. तहसीलच्या समोर पप्पूचं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, फॉर्म, करारनामे, पप्पूला काही वर्ज्य नाही.

"साध्या कागदाला कोन विचारतो साहेब? स्टॅम्प पेपरवर घ्या," पप्पू म्हणाला. "आवाजाचं फॉरमॅट न्हाई माझ्याकडं. पर हक्कसोडपत्राचं हाय. जमिनीच्या जागी आवाज टाकून देतो. दोन मिनटाचं काम."

म्हस्कूंना बोलावून घेतलं. दोन मिनिटांचं काम चतुःसीमेपाशी अडलं. तो रकाना रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढं जाईना. आवाजाला कसली चतुःसीमा, असं ओमप्रकाश म्हणत होता, पण म्हस्कू विचारात पडले. "पूर्वेला तळ्यापर्यंत जातो," ते सावकाश म्हणाले. "पश्चिमेला देवळाची पायरी. दक्षिणेला वारं असलं तर सडकंपर्यंत, न्हाईतर बाभळीपर्यंत लिहा. उत्तरेला जात न्हाई, तिकडं चढ हाय." पप्पूने सगळं बरोबर टाईप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: "सदर वडिलोपार्जित आवाजावर यापुढे माझा कोणताही हक्क अथवा हितसंबंध राहणार नाही. हे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, नशापाणी न करता लिहून देत आहे."

"म्हंजी हाळी आता ओम्याची झाली," म्हस्कू म्हणाले.

"फक्त कागदावर हो, आबा," ओमप्रकाश म्हणाला. त्याचं लक्ष आबांच्या परतीच्या एसटीकडं होतं. म्हस्कूंनी सही केली, एक एक अक्षर कोरून.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. बायनाबाई फोनवर नेहमीच ओरडून बोलतात, त्या दिवशी हळू बोलल्या.

"ओम्या, तुझा बाप हाळी घालंना. तीन दिस झाले, खडे मारून मेंढरं हाकून राह्यला. काल सगळी कापसात घुसली, तरी बी तोंड उघडलं न्हाई. वावरवाला घरी येऊन काय काय बोलून गेला. विचारलं तर म्हनतो, लिहून देल्तं, आता ती पोराची हाय."

ओमप्रकाशने वडिलांना फोनवर बोलावलं. तो कागद नुसता कंपनीसाठी आहे, त्याला काही अर्थ नाही, तुम्ही खुशाल हाळी घाला, असं त्याने तीन तऱ्हांनी सांगितलं.

"मंग सरकारी कागदावर खोटं लिहून देलं म्हन," म्हस्कू म्हणाले. ओमप्रकाशने फोन ठेवला आणि तो पप्पूकडं गेला. अशा माणसाशी वाद कसा घालायचा हे त्याला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं.

पप्पूने डोकं खाजवलं. "रद्द करायचं म्हणलं तर फार लफडं हाय. मूळ कागद कंपनीला लागतो ना तुमच्या? मंग एक करा. आता मालक तुम्ही. तुम्ही त्यांना भाड्यानं द्या. अकरा महिन्यांचा करारनामा. हे फॉरमॅट तर माझं तोंडपाठ हाय."

अशा रीतीने जालना जिल्ह्यात एका मुलाने आपल्या बापाला बापाचाच आवाज अकरा महिन्यांसाठी वापरायला दिला. फॉरमॅट घराचं असल्यामुळं त्यात सदर आवाजात खिळे ठोकू नयेत, पोटभाडेकरू ठेवू नये आणि मुदत संपल्यावर आवाज आहे त्या स्थितीत, रंगरंगोटी करून मालकाच्या ताब्यात द्यावा, अशाही अटी आल्या. ओमप्रकाशने लाजेने मान वर केली नाही. म्हस्कूंनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं, कागदाची चौघडी केली आणि पटक्याच्या घडीत ठेवली. त्या दुपारी पाझर तलावावर हाळी झाली, असं बायनाबाईंनी कळवलं.

गेम हैदराबादला गेला. दसऱ्याला पाच दिवस राहिले होते. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं आणि ओमप्रकाशने ते शीतलला मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं, ही त्याची चूक झाली. 'चित्रांत हाताने काढल्याचा जिवंतपणा आहे. माळ, झाडं, आकाश, सारं अस्सल वाटतं. फक्त हाळी आमच्या तपासणीत एआयने बनवलेली आढळली. मानवी घशातून असा आवाज निघत नाही. आपण फॉर्ममध्ये चुकीची माहिती दिली आहे. दसऱ्यापर्यंत खऱ्या माणसाचा आवाज पाठवावा, अन्यथा गेम घेता येणार नाही.'

म्हणजे जे एआयचं होतं ते हाताचं ठरलं, आणि जे एका माणसाच्या घशातून, जिभेवरून आणि पडलेल्या दातातून आलं होतं ते तेवढं एआयचं ठरलं. ओमप्रकाशने दोन्ही स्टॅम्प पेपरांच्या प्रती जोडून पाठवल्या, म्हस्कूंचा फोटो पाठवला, दाताचाही पाठवला. चार मिनिटांत उत्तर आलं. त्याची सुरुवात होती, 'तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.' आपण इतके दिवस कुणाशी पत्रव्यवहार करतोय हे त्याला तिथं कळलं. मग त्याने धडपडून कंपनीतल्या एका जिवंत माणसाचा नंबर मिळवला. तो माणूस फार चांगला होता. "मेरे को तो एकदम बढिया लगा साब," तो म्हणाला. "पर सिस्टम नहीं ले रहा." आणि सिस्टमपुढं त्याचं काही चालत नव्हतं. त्याचीही खुर्ची महिनाअखेरीला जाणार होती.

सोमवार होता. जालन्याहून खुर्चीचा फोटो आला.

दोन दिवस ओमप्रकाश जेवला नाही, म्हणजे शीतलने वाढलं तेवढंच जेवला. तिसऱ्या दिवशी त्याने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि एआयला सांगितलं, की अडुसष्ट वर्षांचा मेंढपाळ, आवाज थोडा घोगरा, उन्हातान्हात राबलेला, कळपाला मायेने बोलावतो आहे. एआयने हाळी बनवली. भरदार आवाज, मागे बासरी, आणि समोरच्या डोंगरावर आपटून परत यावा तसा घुमारा. असा डोंगर पिंपळगावला नाही. ओमप्रकाशने ती गेममध्ये बसवली, फॉर्ममध्ये पुन्हा 'वडिलांचा आवाज' असं लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं. चार मिनिटांत उत्तर आलं. 'अभिनंदन. हाच तो अस्सल आवाज. दसऱ्याला करार पाठवतो.'

आनंद व्हायला हवा होता. शीतलने देवापुढं साखर ठेवली. ओमप्रकाश गव्हाच्या कोठीला टेकून बसला आणि त्याला आपली फार शरम वाटली.

दसऱ्याला घर भरलं. धर्मराज सोनं आणि पेढ्याचा पुडा घेऊन आले आणि कधी नव्हे ते जावयाला अहो-जाहो करताना हसले. झुंबरबाई गेममध्ये सासू आहे का ते पाहायला खाली आल्या. आणि पहिल्या एसटीने म्हस्कू आले, धुतलेला पटका बांधून. त्यांना कॉटवर मधोमध बसवलं. करार सकाळीच मोबाईलवर आला होता, ओमप्रकाशने नुसतं 'मान्य' दाबायचं बाकी होतं.

"म्हस्कूबुवा, तुमचा आवाज आता दुनियाभर जानार," धर्मराज म्हणाले. "दाबा, दाबा बटन. ऐकू द्या."

ओमप्रकाशला वाटलं, जमीन दुभंगावी. म्हस्कूंनी अंगठ्याने बटन दाबलं. खोलीत बासरी वाजली आणि तो भरदार आवाज घुमला.

"अगदी तुमचाच, दादा," झुंबरबाई म्हणाल्या. "अंगावर काटा आला."

ओमप्रकाश म्हस्कूंच्या तोंडाकडं पाहत होता, पण ते आवाज ऐकतच नव्हते. ते मेंढ्या पाहत होते. चारी दिशांनी दोनशे मेंढ्या धावत आल्या आणि मेंढक्याभोवती उभ्या राहिल्या. म्हस्कूंनी मोबाईल जवळ घेतला, मग लांब धरला, मग तिरपा करून पाहिला.

"पानी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"पाणी नाही आबा," ओमप्रकाश म्हणाला. "त्यांनी नुसतं यायचं असतं. आल्या की गुण मिळतात."

"कोनाला?"

"खेळणाऱ्याला."

"आन् मेंढराला?"

एवढे महिने ओमप्रकाशने पाय मोजले, कान मोजले, झाडावरच्या मेंढ्या खाली घेतल्या, आणि ही एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. एआयच्या तर कशाला येते? तळ्यावर ऐकून, डोळ्यात पाणी आणून, तो ती विसरून आला होता.

"उभी राह्यलीत बघ," म्हस्कू म्हणाले. "वर बघून राह्यलीत." त्यांनी मोबाईल अलगद कॉटवर ठेवला. "हा आवाज माझा न्हाई ओम्या. ते असू दे, तुझी काही नड आसंल. पर ज्यानं कोनी बोलावलं त्यानं पाजायला पायजे होतं."

धर्मराजांचा पेढा तोंडाशी थांबला. म्हस्कूंनी पटक्याच्या घडीतून चौघडी केलेला कागद काढला आणि ओमप्रकाशच्या हातात दिला. "हे घे. तुला माझी लागली न्हाई, मंग मला भाड्यानं कशाला? माझी मला दे. अन् मी निघतो आता. दुपारच्याला पाजायचीत, आन् तुझ्या मायला हाळी येत न्हाई." शीतलने पुरणपोळ्या बांधून दिल्या. त्यांनी सुनेच्या हातावर सोनं ठेवलं, मुलाच्या ठेवलं, व्याह्यांच्या ठेवलं आणि ते स्टँडकडं चालू लागले.

ओमप्रकाशने आतून हक्कसोडपत्रही आणलं आणि दोन्ही स्टॅम्प पेपर फाडले. मग त्याने कंपनीला दोन ओळी लिहिल्या. पाठवलेली हाळी माझ्या वडिलांची नाही, एआयची आहे. आधीची होती ती वडिलांची. पाठवून तो मोबाईल धरून उभा राहिला, कारण आता एकच आशा उरली होती, की निदान एवढं तरी वाचायला पलीकडं कुणी माणूस असेल.

चार मिनिटांत उत्तर आलं. 'तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. चुकीच्या माहितीमुळे करार रद्द करण्यात येत आहे. आपल्याला दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा.'

त्याने गेम उघडून पाहिला. दोनशे मेंढ्या अजून तशाच उभ्या होत्या, मान वर करून. मग त्याने मोबाईल खिशात घातला आणि सासऱ्यांकडं वळला.

"मामा," तो म्हणाला, "त्या खुर्चीचं प्लॅस्टिक काढून ठेवा."